बाभळीपासून चौथा

"हे झाड तुमच्या प्लॉटात येत नाही," मोजणीवाले साहेब म्हणाले. मी त्याच झाडाच्या सावलीत बसून थालीपीठांचा डबा उघडत होते.

मला वाटलं, साहेबांना ऊन लागलंय. एप्रिल महिना, सकाळचे अकरा वाजलेले, आणि मिरजेबाहेरच्या त्या माळावर सावली म्हणून काय ती आमच्या आपट्याची. मी म्हटलं, "साहेब, आधी दोन घास खाऊन घ्या. झाड कुठं पळून जात नाही."

साहेब हसले नाहीत. तिपाईवरच्या यंत्रात त्यांनी पुन्हा एकदा डोळा घातला, नकाशावर पेन्सिलीनं टिंब काढलं आणि नकाशा माझ्यापुढं धरला. "ताई, तुम्ही बसलाय तो एकवीस नंबर. तो या मुजावरांचा. तुमचा सतरा नंबर तिकडं आहे." त्यांनी हात केला त्या बाजूला, साठ-सत्तर पावलांवर, नवा बायपास कोपऱ्याला खेटून जात होता आणि ट्रक धुरळा उडवत चालले होते.

मुजावर म्हणजे मिरजेतले घड्याळवाले मुबारकभाई. आजूबाजूच्या प्लॉटवाल्यांना मोजणीची नोटीस जाते, म्हणून ते आले होते. त्यांनी आमच्याच सुमाराला प्लॉट घेतला, खरेदीचा कागद कपाटात ठेवला आणि परत इकडं फिरकले म्हणून नाहीत. आपण आपल्याच जागेत उभे आहोत, हे त्यांनाही तेव्हाच कळलं. ते इतके ओशाळले, की जणू आमची वस्तू त्यांच्याच पिशवीत सापडली होती.

"परत मोजा," हे म्हणाले.

हे म्हणजे आमचे यशवंत बोंगाळे, टेलर. माणूस इतका काटेकोर, की बाहीत सूतभर फरक पडला तर अख्खी बाही उसवून परत बसवायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, चालतंय हो मास्तर. हे म्हणायचे, मला चालत नाही. त्या माणसाचा प्लॉट साठ पावलं चुकला होता.

साहेबांनी परत मोजलं. हातातला नकाशा यांना उलगडून दाखवला, जमिनीत रुतलेला मूळ हद्दीचा दगड उकरून दाखवला. मग यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अहो मास्तर, तोंड काय पाडताय? हा आतला प्लॉट आणि तुमचा कोपऱ्याचा, बायपासला लागून. चौपट भाव आहे त्याला. इतकी वर्षं मोजण्या करतोय, लोकांना जागा कमी निघाली हेच सांगायची पाळी येते माझ्यावर. तुमचं नशीब उघडलंय."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, एवढा आनंद झाला की डब्यातली सगळी थालीपीठं मी वाटून टाकली, स्वतःला अर्धंसुद्धा ठेवलं नाही. मुबारकभाईंना दोन दिली. हे बुंध्याला हात लावून उभे होते, ते तिथंच खाली बसले. त्यांनी खाल्लं नाही. मला वाटलं, चूक झाली म्हणून मनाला लागलंय. काटेकोर माणसाचं असंच असतं.

---

तो प्लॉट घेतला तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. कोठावळे नावाचा एक एजंट होता. दर रविवारी टेंपो भरून माणसं माळावर न्यायचा, कांदाभजी आणि चहा द्यायचा, आणि एका धोंड्यावर चढून सांगायचा, "आज पैसे टाका आणि विसरून जा. पंचवीस वर्षांनी कोठावळेचं नाव काढाल." माळावर होतं काय? कुसळं, दगड आणि लांब लांब दोन बाभळी. फक्कीनं आखलेल्या रेषा वाऱ्यानं अर्ध्याअधिक उडालेल्या. आमच्याकडं बघून कोठावळेनं हात केला आणि सांगितलं, "ती बाभळ दिसते ना? तिच्यापासून चौथा तुमचा."

टेलरला कुठली पेन्शन? हे म्हणाले, "इंदू, हीच आपली पेन्शन." माझ्या माहेरच्या पाटल्या मोडल्या. मी हसत मोडल्या, कुणी जबरदस्ती केली नव्हती. म्हातारपणी तिथं दोन खोल्यांचं घर बांधायचं, पुढं तुळस, मागं न्हाणीघर, आणि दुसऱ्याच्या नळावर कधी रांगेत उभं राहायचं नाही, एवढंच माझं मागणं होतं.

पावसाळ्यानंतर आम्ही दोघं सायकलवरून परत गेलो, तर फक्की धुऊन गेलेली आणि बाभळ एकच उरलेली. दुसरी कुणीतरी सरपणाला नेली होती. उरलेल्या बाभळीपासून आम्ही चौथा प्लॉट धरला. यांनी गळ्यातला टेप काढला, सुतळीला मापाच्या गाठी मारल्या आणि चारी बाजू आखल्या. कोपऱ्यांना दगड पुरून त्यांना चुना लावला. तीस बाय चाळीस, इंचाचाही फरक नव्हता. फक्त बाभळ चुकीची होती.

पुढच्या वर्षी यांनी तिथं आपट्याचं रोप लावलं. दर रविवारी सायकलला पाण्याचा कॅन बांधून जायचे. दसऱ्याला लोक सीमोल्लंघनाला गावाबाहेर पडतात, आम्ही प्लॉटवर जायचो. आपट्याच्या पायाशी नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं, आणि पानं घेऊन यायची. बाजारातली फांदी आमच्या घरात कधी आली नाही. आमच्या झाडाची पानं मी चाळभर वाटायची आणि मोठ्या तोऱ्यात सांगायची, "आमच्या प्लॉटातली आहेत."

पण घर काही झालं नाही. आज करू, उद्या करू, यातच गेलं सगळं. दुकानामागच्या दोन खोल्यांत, दुसऱ्याच्या नळाच्या रांगेत माझे केस पिकले. पुढं यांच्या दुकानात बसून मी साड्यांना फॉल-पिको करायला लागले. आमच्या सुहासला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता, तेव्हा चांगलं गिऱ्हाईक आलं होतं प्लॉटला. हे नाही म्हणाले. मी भांडले, रडले, दोन दिवस जेवले नाही. हे म्हणाले, "इंदू, ती जागा सोडून काय पाहिजे ते विकू." नवं घेतलेलं मशीन विकलं, तरी पुरलं नाही. पोरगा आयटीआयला गेला.

"पोरापेक्षा माती मोठी झाली का ओ तुम्हाला?" मी विचारलं होतं. तेव्हापासून मी त्यांना घरात सावकार म्हणायची. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा म्हणायची. ते ऐकून घ्यायचे आणि मशीन चालवायचे.

बायपास झाल्यावर माळाचे भाव चढले, कुंपणं पडायला लागली. मीच यांच्या मागं लागून मोजणीचा अर्ज करायला लावला. यांची तयारी नव्हती. मी म्हटलं, कुणी आत घुसून बसलं तर काय कराल? या बोलण्यावर मात्र ते लगेच उठले आणि अर्ज देऊन आले.

---

मोजणीच्या दिवशी स्कूटरवरून घरी येईपर्यंत मी मनात सगळं ठरवून टाकलं होतं. कोपऱ्याचा प्लॉट विकायचा. स्टेशनकडं फ्लॅटची नवी इमारत होत होती, तिथं दोन खोल्या आणि हॉल घ्यायचा. उरेल त्यात सुहासचं वर्कशॉप. मी मागं बसून हे सगळं यांच्या कानात सांगत होते.

घरी आल्यावर यांनी पाय धुतले आणि टॉवेलनं पुसता पुसता म्हणाले, "मुबारकभाईंशी अदलाबदल करू या. आपला कोपऱ्याचा त्यांना देऊ. त्यांचा आपण घेऊ."

मी ताक घुसळत होते. रवी तशीच हातात राहिली. "काय म्हणालात?"

"आपण इतकी वर्षं जपलाय तो प्लॉट. झाड आहे आपलं."

"झाड?" मी म्हटलं. "झाडासाठी चौपटीचा प्लॉट देऊन टाकायचा? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? फ्लॅटच्या दारात कुंडीत लावा दुसरा आपटा."

"मुबारकभाई घर बांधणार आहेत इंदू. झाड मधोमध आहे. पाडतील."

"पाडू देत की. त्यांची जागा, त्यांचं झाड."

यांनी टॉवेलची घडी घातली, उलगडली, परत घातली. "इंदू, मला तुला एक सांगायचंय."

"मला काही ऐकायचं नाही," मी म्हटलं. "तीस वर्षं तुमचंच ऐकलं. पोराचं शिक्षण तुमच्या मातीत गेलं. आता देवानं आपण होऊन हातावर ठेवलंय, तर तेही तुम्ही वाटून टाकणार. सावकार म्हणत होते मी तुम्हाला. सावकार तरी शहाणे असतात."

डोक्यात अशी तिडीक गेली, की खरेदीचा कागद आत्ताच्या आत्ता माझ्या ताब्यात घ्यायचा असं ठरवून मी ट्रंक उघडली. प्लॉट दोघांच्या नावावर होता. माझ्या सहीशिवाय पान हलणार नव्हतं, ते मला ठाऊक होतं. कागद ट्रंकेच्या तळाशी. तो काढताना त्याच्या खालची कापडाची पुरचुंडी वर आली.

त्या पुरचुंडीत एक वाळा होता. लहान बाळाच्या पायातला, चांदीचा, दोन घुंगरांचा. सुहासच्या आधी मला एक मुलगी झाली होती. नवव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं, त्यामुळं तिला नाव नव्हतं. बारशासाठी माझ्या वडिलांनी केलेले वाळे मी हौसेनं आधीच घातले होते. ती गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, काढ ते. एक निघाला. दुसऱ्या पायाला मी हात घातला आणि माझा हात चालेचना. सासूबाईंनी मला धरलं आणि म्हणाल्या, "राहू दे, एक तिच्यासंगं जाऊ दे." मग यांनी तिला दुपट्यात गुंडाळून नेलं. आमच्यात एवढ्याशा लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात, आणि कुठं पुरलं ते आईला सांगत नाहीत. मी किती दिवस विचारत होते. घरातून निघून नदीकाठी जाऊन शोधायची, लोक मला धरून आणायचे. कुणी सांगितलं नाही. मग सुहास झाला आणि मी विचारायचं सोडून दिलं.

पुरचुंडी मी जागच्या जागी ठेवली, कागद घेतला आणि ट्रंक बंद केली. हे दारात उभे होते.

"एवढं ऐक फक्त," हे म्हणाले.

"नाही," मी म्हटलं.

---

आठवड्याभरात मुबारकभाई दुकानात आले. हातात वकिलाकडून टाइप करून आणलेला अदलाबदलीचा कागद. माणूस सरळ. खुर्चीवर बसले, टोपी नीट केली आणि आधी माझ्याकडंच वळून बोलले.

"वहिनी, भाऊंनीच गळ घातली म्हणून हा कागद केला. पण मला हे बरं वाटत नाही. तुमच्या प्लॉटची किंमत जास्त आहे, आणि वरचा फरक द्यायची माझी ऐपत नाही. घड्याळं दुरुस्त करून काय मिळतंय आता. तुमच्या मनात असलं तरच करू."

"माझ्या मनात नाही," मी म्हटलं.

यांनी आधीच सही करून ठेवली होती. लफ्फेदार सही करायचे एरवी. त्या कागदावरची सही शाळेतल्या पोरानं केल्यासारखी होती. त्यांनी पेन माझ्यापुढं सरकवलं. "इंदू, दहा मिनिटं दुकान बंद करू. आत चल. मला तुझ्याशी बोलायचंय."

तेवढ्यात पाटलांची सून साड्यांचं गाठोडं घेऊन आली. तिला फॉल संध्याकाळपर्यंत पाहिजे होते. मी गाठोडं घेतलं, एक एक साडी उलगडून रंग बघायला लागले. माझा रंग बघण्याचा वेळ मी मुद्दाम लांबवला, हे मला तेव्हाही कळत होतं. ती गेल्यावर मी पेन उचललं, त्याला टोपण घातलं आणि यांच्या खिशाला लावलं.

"आत-बित काही नाही. जे बोलायचं ते मुबारकभाईंसमोर बोला. मी सही करणार नाही. मला माझं घर पाहिजे. मरायच्या आधी एकदा स्वतःच्या नळाखाली हात धुवायचेत मला. एवढं पण मागू नये का मी?"

हे माझ्याकडं बघत राहिले. मग मुबारकभाईंना म्हणाले, "झाड ठेवून घर बांधता येईल का?"

"इंजिनिअरला विचारतो," मुबारकभाई म्हणाले. त्यांनी विचारलंही. दोनदा आराखडा बदलून बघितला. जागाच केवढी, आणि त्यांच्या बेगमचे गुडघे गेलेले, सगळ्या खोल्या खालीच पाहिजेत. झाड काही केल्या बाहेर पडेना. त्यांनी स्वतः येऊन माफी मागितली. हे म्हणाले, "तुमचा काय दोष त्यात."

महिन्याभरात कोपऱ्याचा प्लॉट एका हॉटेलवाल्यानं घेतला. रजिस्टर ऑफिसात हे माझ्या शेजारी बसून जिथं सांगितलं तिथं सह्या करत गेले. फ्लॅट ठरला. मी रोज जाऊन फरशी बघायची, नळ बघायची. बेसिनला कुठला नळ पाहिजे ते मी स्वतः दुकानात जाऊन निवडलं. चाळीतल्या बायका म्हणायच्या, इंदूताई दहा वर्षांनी लहान झाल्या. मी झालेच होते. मी गाणी म्हणत फॉल लावायची.

त्या दसऱ्याला मी गेले नाही. फ्लॅटच्या रंगाचं काम बघायला मला जायचं होतं. हे एकटेच स्कूटर घेऊन माळावर गेले, दुपार टळल्यावर आले. हात रिकामे होते.

"पानं नाही आणली?" मी विचारलं.

"नाही."

मी बाजारातून फांदी आणली आणि चाळीत वाटली. कुणाला फरक कळला नाही.

---

दिवाळी झाली. आम्ही सामान बांधत होतो. दुपारी तीनच्या सुमाराला मुबारकभाई आले. हे पुढं दुकानात शेवटच्या कपड्यांना काजं करत होते. मुबारकभाई त्यांच्याकडं न जाता बोळातून थेट मागं माझ्याकडं आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"या की आत," मी म्हटलं. "पसारा आहे, पण बसायला जागा करते."

"नको वहिनी." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला. "पाया खणला. परवा खणला. झाडाच्या मुळीत हे अडकलेलं मिळालं. मुकादम म्हणाला, जुनी चांदी दिसते. मी म्हटलं, त्या जागेवर तुमच्याशिवाय सव्वीस वर्षांत कुणी आलेलं नाही, मग हे तुमचंच असणार. पूजेचं वगैरे काही पुरलं असेल."

त्यांनी रुमाल उलगडला.

काळाठिक्कर पडलेला, एका बाजूनं चेपलेला, मातीनं भरलेला. दोन घुंगरं. मी तो हातात घेतला. तो काय आहे हे माझ्या हाताला आधी कळलं आणि मग मला कळलं. मी वळले, बांधून ठेवलेली ट्रंक सोडली, कपडे उपसून बाहेर टाकले, पुरचुंडी काढली आणि दुसरा वाळा त्या रुमालावर पहिल्याच्या शेजारी ठेवला.

मुबारकभाईंनी दोन्ही वाळ्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. आणि उंबऱ्यावरच खाली बसले.

हे कधी मागं येऊन उभे राहिले मला समजलं नाही. बोटात सुई-दोरा तसाच होता.

"म्युनिसिपालटीच्या जागेत नेलं होतं मी तिला," हे म्हणाले. आवाज अगदी रोजचा होता, गिऱ्हाइकाला कपडे कधी मिळतील सांगावं तसा. "तिथं कुत्री उकरतात इंदू. मी बघितलं. माझ्यानं ठेववेना. आपली स्वतःची जागा असताना तिला दुसऱ्याच्या जागेत कशाला ठेवायची, असं वाटलं मला. सायकलवरून नेली. पुढं दांडीवर धरून. आईनं शपथ घातली होती, हिला सांगायचं नाही, ही रोज तिथं जाऊन बसेल. मी म्हटलं, सांगायला नको. घर बांधलं की आपण तिथंच राहणार. मग आपोआपच ती जवळ राहील."

"मग घर का नाही बांधलं?" मी विचारलं. तेवढंच मला सुचलं.

"पाया खणावा लागतो," हे म्हणाले.

मी त्यांच्या छातीवर मारायला लागले. दोन्ही हातांनी मारत होते. "सांगायचं ना. सांगायचं ना मला. मी सही केली असती. मी प्लॉट, फ्लॅट, सगळं जाळून टाकलं असतं." हे मारून घेत उभे राहिले.

"सांगत होतो," हे म्हणाले. "तू ऐकत नव्हतीस. मग तू गाणी म्हणायला लागलीस. सव्वीस वर्षांत मी तुला गाणं म्हणताना ऐकलं नव्हतं. मला मग सांगवलं नाही. दसऱ्याला खुरपं घेऊन गेलो होतो, म्हटलं तिला काढून आणावं. उकरायचा धीर झाला नाही. हात लावून परत आलो."

मग मी मुबारकभाईंना विचारलं, "बाकी? त्या मातीत बाकी काही होतं?"

"मी बघितलं नाही वहिनी. मला काय माहीत." ते रडत होते, दाढी भिजली होती. "मला एक शब्द बोलले असते भाऊ, तर मी तिथं वीट ठेवली नसती. मी त्या झाडाला चौथरा बांधला असता."

"माती कुठंय?"

त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं दाढी पुसली.

"मुबारकभाई, माती कुठंय?"

"बायपासचं पुढचं काम चाललंय," ते म्हणाले. "भराव टाकतायत. त्या लोकांनी ट्रॉल्या भरून नेली. परवाच नेली. कुठं टाकली, ते कुणीच सांगू शकत नाही."

मी त्याच पावली माळावर गेले. हे मागं धावत आले, मुबारकभाईंनी रिक्षा केली. आपटा आडवा पडला होता, पानं अजून हिरवी होती. खड्डा स्वच्छ खणलेला, कडा सरळ, तळ सपाट, लोखंड बांधायला तयार. मी खड्ड्यात उतरले आणि हातानं माती चाचपत बसले. मुरूम लागला होता. त्याच्या खाली काही नसतं, हे मलाही कळत होतं. अंधार पडायच्या आत यांनी आणि मुबारकभाईंनी मला हाताला धरून वर काढलं.

---

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. पाणी चोवीस तास असतं. बेसिनचा नळ चांगला निघाला, अजून एकदाही गळलेला नाही. सुहासचं वर्कशॉप बरं चाललंय. मुबारकभाईंनी तो पाया सहा महिने तसाच ठेवला होता, आम्हीच जाऊन त्यांना बांधायला लावलं. दोन्ही वाळे मी एकत्र ठेवलेत. चेपलेला मी सोनाराकडं सरळ करायला नेला नाही.

गाणी म्हणायची मात्र मला सवय राहिली नाही.

बायपासचा तो नवा टप्पा सहा किलोमीटरचा आहे, माळाच्या टोकापासून नदीच्या पुलापर्यंत. दसऱ्याला सकाळी आम्ही दोघं रिक्षानं त्याच्या सुरुवातीला उतरतो. चपला काढून पिशवीत ठेवतो आणि कडेकडेनं चालायला लागतो. डांबरावर नाही, बाजूच्या मातीवरून. ट्रकवाले हॉर्न वाजवतात, कुणी कुणी थांबून विचारतात, आजी, कुठं सोडू का? हे नको म्हणून हात हलवतात.

यांना आता पंच्याहत्तरावं लागलंय. दोन-तीन वेळा बसावं लागतं. बसायच्या आधी हे वाकून जमिनीला हात लावतात. मी पिशवीतून हळदकुंकवाची डबी काढते.

"इथं असेल का?" मी विचारते.

"असेल," हे म्हणतात.

मी तिथं हळदकुंकू वाहते. मग आम्ही उठतो, थोडं चालतो, आणि मी परत विचारते. हे परत तेच सांगतात.